म्हणे, राबणाऱ्याला व्यायाम कशाला!

"दिवसभर शेतात राबणाऱ्याला आणखी व्यायाम कसला? ते खुर्चीत बसून पगार घेणाऱ्यांचं खूळ." हे मत इतक्या ठामपणे ऐकवलं जातं की ऐकवणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. टेंभुर्णीसारख्या गावात तर ते आता मत राहिलेलं नाही, रीत झाली आहे. (टेंभुर्णी म्हणजे जालना जिल्ह्यातली, जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरकडच्या टेंभुर्णीचा इथे संबंध नाही.) पंचेचाळिशी उलटलेल्या बाईचा हात वर जाईनासा होतो, पाठीमागे वळेनासा होतो, वेणी घालताना डोळ्यांत पाणी उभं राहतं, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मग सल्ले सुरू होतात. वात धरलाय, कुणाकडून तरी चोळून घे. हात अजिबात हलवू नको. चार दिवस कापसाच्या वेचणीला जा, काम करता करता मोकळा होईल. नाहीच झाला तर जालन्याला जाऊन सुई मारून घे. हे सगळे सल्ले एकाच ओट्यावर, एका चहात मिळतात. आणि "हलवू नको" व "वेचणीला जा" ही दोन्ही एकदम करायची कशी, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. एका बाबतीत मात्र या सगळ्यांचं एकमत आहे. त्या बाईने स्वतः घरी, भिंतीजवळ उभं राहून रोज दहा मिनिटं खांदा हलवणं, हा त्यांच्या लेखी पोरखेळ आहे. माझा वाद या एकमताशी आहे.

राबणं म्हणजेच व्यायाम, असं म्हणणाऱ्याने वेचणी करणारा हात कधी नीट पाहिला आहे का? कमरेला ओटी बांधलेली, अंग पुढे झुकलेलं, कोपरं वाकलेली, दंड बरगड्यांच्या आसपास. बोंड गुडघ्याजवळ असो की छातीजवळ, हात जातो तो समोर आणि परत येतो तो ओटीत. बोटं दिवसात हजारो वेळा हलतात, पण सकाळपासून दिवस बुडेपर्यंत दंड एकदाही कानाला लागत नाही, हात एकदाही पाठीमागे जात नाही, बाहेरच्या बाजूला पुरता वळत नाही. निंदणीत खुरप्याचा हात त्याहून खाली. सोयाबीनची सोंगणी, धार काढणं, भाकरी थापणं, शेण भरणं, सगळं अंगाच्या पुढ्यात आणि खांद्याच्या खाली. पुरुषांची गत निराळी नाही. पाठीवर सोळा लिटरचा फवारणीचा पंप, दोन्ही खांद्यांत रुतलेले पट्टे आणि एक हात दांडा वरखाली करतोय. तासन्‌तास तोच हात, तेवढ्याच टप्प्यात. खांदा हा शरीरातला सगळ्यांत जास्त फिरणारा सांधा. त्याची खोबण उथळ असते म्हणून तो चहूबाजूंनी फिरू शकतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवायला चार लहान स्नायूंचं कडं लागतं. अशा सांध्याला रोज आठ-दहा तास एकाच कोपऱ्यात जुंपायचं आणि वर म्हणायचं, झाला की त्याचा व्यायाम! अंग दमलं म्हणजे व्यायाम झाला असं असेल, तर मग तापातही तो होतच असला पाहिजे.

यावर उत्तर तयार असतं. डोक्यावर गवताचा भारा घेते, हंडा धरते, गंजीवर कडबा फेकते, तेव्हा हात वर जातोच की! जातो ना, ज्याचा जातो त्याचा जातो. खांदा दुखायला लागला की भारा धरणारा हात बदलतो, आणि ही अदलाबदल खुद्द त्या बाईच्याही ध्यानात येत नाही. कामाची खोडच ती आहे. कामाला उरकण्याशी मतलब. कोणत्या सांध्याने उरकलं याची चौकशी ते करत नाही. हात खालून थेट डोक्यावर नेण्याचा प्रवास साधारण १८० अंशांचा. त्यातले १२० अंश खांद्याच्या मूळ सांध्यात पार पडतात आणि ६० अंश पाठीवरचं खांद्याचं पातं सरकल्यामुळे मिळतात. हा ढोबळ हिशेब १९४४ सालापासून वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. मूळ सांधा आखडला की पातं त्याच्या वाटचं काम ओढू लागतं. खांदा कानाकडे उचलला जातो, मान तिरपी होते, कंबर एका बाजूला कलते आणि फळीवरचा डबा खाली येतो. काम झालं! आखडलेला सांधा मात्र होता तिथेच, उलट दर महिन्याला थोडा आणखी मागे. म्हणजे कष्टाळू माणसाचा आखडलेला खांदा कामाने सुटत नाही, तो कामाच्या आड लपतो. आणि उघडकीला येतो तोवर सहा-आठ महिने निघून गेलेले असतात. व्यायामात नेमकी हीच लबाडी चालत नाही. तिथे काही उरकायचंच नसतं. कोपर बरगडीला टेकवा, खांदा वर उचलू देऊ नका आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. जितका वळला तितकाच तुमचा खांदा खरा. तेव्हा राबणाऱ्या अंगाला अशा व्यायामाची गरज बसून राहणाऱ्यापेक्षा कमी तर नाहीच, असली तर जास्त आहे.

आणि हे काही बाहेरून आलेलं फॅड नव्हे. महाराष्ट्रातल्या तालमी कुणी भरवल्या? शेतकऱ्यांच्याच पोरांनी. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून कुस्तीचं कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, शेतकरी घरातले. "तू नांगर धर, जोर-बैठका आपोआप होतील," असं सांगून त्यांना तालमीच्या दारातून माघारी पाठवलं असतं, तर ते पदक कुणी आणलं असतं? औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. त्या शाळांत काय फक्त कारकुनांची मुलं बसत होती? कष्ट वेगळे आणि कसरत वेगळी, हे तेव्हा सांगावं लागत नव्हतं. अलीकडे त्याचं मोजमापही झालं आहे. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांची पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. फुरसतीच्या वेळी व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार आणि मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं. कामावर अंगमेहनत जास्त असणाऱ्यांत मात्र ते जास्त आढळलं. ती पाहणी हृदयाची आहे, खांद्याची नाही, आणि तिच्यावरून खांद्याबद्दल काही सिद्ध करायचा माझा आग्रहही नाही. मात्र कष्ट झाले की शरीराचं देणं फिटलं, हा हिशेब तिथेही जुळला नाही, एवढं तरी पाहायला हवं.

दुसरा सल्ला जरा शहाण्या चेहऱ्याचा आहे: "धीर धर, आपोआप बरा होतो." याला मोठ्या नावाचा आधारही मिळतो. कॉडमन या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, तेव्हापासून हे आश्वासन चालत आलं आहे. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आक्रसतं. आधी काही महिने कळा वाढत जातात, मग कळा कमी होऊन ताठरपणा मागे उरतो, मग तो हळूहळू सुटू लागतो. एक ते तीन वर्षांचं हे प्रकरण. बहुतेकांचा खांदा पुष्कळसा सुटतो हे खरंच. पण "आपोआप" या आश्वासनाची किंमत कुणी विचारायची? अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या रुग्णांचा पाठपुरावा १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी सात वर्षांनंतरही त्यांतल्या निम्म्या जणांना थोडंफार दुखणं, ताठरपणा किंवा दोन्ही होतं. आणि ज्या बाईला वेचणीचे पैसे किलोवर मिळतात, तिने दोन हंगाम अर्ध्या हाताने वेचायचं आणि धीर धरायचा, हा सल्ला देणाऱ्याच्या खिशातून तर काही जात नाही.

याच्या बरोबर उलट टोकाला "जोर लावल्याशिवाय सुटत नाही" असं म्हणणारे बसलेले आहेत. हात धरून झटका देणारा हाडवैद्य त्यांतलाच, आणि रुग्ण ओरडेपर्यंत ताण देणारा एखादा पदवीधरही त्यांतलाच. २००४ मध्ये नेदरलँड्समधून ७७ रुग्णांची एक तुलना प्रसिद्ध झाली. एका गटाला वेदना सोसायला लावून कसून ताण दिला. दुसऱ्याला दुखणं नीट समजावून सांगितलं आणि झेपेल तेवढंच हलवायला लावलं. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या ८९ टक्के रुग्णांचा खांदा चांगला म्हणण्याजोगा होता, पहिल्यातल्या ६३ टक्के रुग्णांचा. गंमत अशी की "बघा, काहीच न करणारे जास्त बरे झाले" असं म्हणायलाही हीच तुलना पुढे केली जाते. साफ खोटं! दुसऱ्या गटातली माणसं हात बांधून बसली नव्हती. ती लोंबता हात झुलवत होती, दुखण्याच्या अलीकडे थांबत हात वर-बाजूला नेत होती, जमतील ती रोजची कामं करत होती. म्हणजे ती घरचा व्यायामच करत होती, फक्त त्यांना कुणी पिळत नव्हतं. तेलाशी आणि शेकाशी माझं भांडण नाही. सुश्रुतसंहितेतल्या वातव्याधींत अवबाहुक नावाने अशा खांद्याची नोंद आहे, आणि गरम शेकाने दहा मिनिटं हात हलवणं सोपं जातं हा अनुभव कुणीही घेऊ शकतो. पण शेक घेऊन हात पुन्हा मांडीवर ठेवला, तर शेकाने साधलं काय?

मग उरतं जालना. फोटो काढायचा, मशीन लावून घ्यायचं, सुई घ्यायची. आखडलेल्या खांद्याच्या फोटोत बहुतेक वेळा काही दिसत नाही, कारण फोटोत हाड दिसतं आणि बिघाड आवरणात असतो. "फोटोत काही निघालं नाही" हे वाक्य घरी पोचेपर्यंत "हिला काही झालेलं नाही" असं होतं, आणि ढोंगाचा शिक्का बसतो. उपचारांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये आखडलेल्या खांद्याच्या ५०३ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. भूल देऊन हात फिरवणं, दुर्बिणीतून आवरण कापणं आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी, या तिन्हींपैकी वर्षअखेर कुठलाच उपाय ठळकपणे सरस ठरला नाही. फिजिओथेरपीवाल्यांतल्या काहींना पुढे आणखी उपचार लागले, हे मान्य. गंभीर गुंतागुंती मात्र मुख्यतः शस्त्रक्रियेच्या वाट्याला आल्या. त्याहून महत्त्वाची चाचणी २०२१ ची, खांद्याभोवतीच्या स्नायूंच्या दुखण्याच्या ७०८ रुग्णांची. अर्ध्यांना फिजिओथेरपिस्टच्या सहापर्यंत भेटी मिळाल्या. उरलेल्यांना एकच भेट: काय झालंय ते समजावलं, घरी करायचे व्यायाम दाखवले आणि घरी पाठवलं. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक नाही. त्याच चाचणीत काहींना इंजेक्शनही दिलं होतं; त्याचा फायदा पहिल्या काही आठवड्यांपुरता. ज्या गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणची प्रत्येक फेरी म्हणजे एक बुडालेला रोज, त्या गावाने हा निकाल ओट्याओट्यावर सांगायला हवा! "ते इंग्लंडातलं, आपल्याकडे कुठे चालायचं?" असा आक्षेप येईल. इंग्लंडातल्या बाईच्या खांद्याला वेगळं आवरण असतं का? फरक असलाच तर ओझ्याचा आहे. तिला पंप आणि भारा नाही, आपल्याला आहे; तेव्हा व्यायामाच्या जोडीला ओझं हलकं करणं, हात बदलत राहणं, पंप अर्धाच भरणं हेही लागेल. त्याने व्यायामाची गरज कमी कशी होते, हे आक्षेप घेणाऱ्याने दाखवावं.

मुळात या व्यायामांना लागतं काय? एक भिंत, एक काठी, एक उपरणं. टेबलावर किंवा बाजेच्या काठावर चांगला हात टेकून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल लोंबता सोडायचा आणि अंग हलकेच हलवत त्याला पुढेमागे, मग लहान वर्तुळात झुलू द्यायचं. हात उचलायचा नाही, झुलवायचा. कळा जास्त असतील त्या महिन्यांत एवढंही पुरे. कळा उतरल्या की भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर चढत जायचं, जिथे ताण बसेल तिथे थोडं थांबायचं आणि तसंच उतरायचं; खडूने खूण केली तर पंधरवड्याने हात कुठे पोचला ते दिसतं. मग उताणं झोपून काठी दोन्ही हातांत धरायची, कोपरं अंगाला चिकटलेली, आणि चांगल्या हाताने काठी ढकलत दुखरा पंजा बाहेर वळवायचा. ही वळण्याची हालचाल आखडलेल्या खांद्यात सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त जाते, आणि शेतातलं एकही काम ती परत आणत नाही. शेवटी उपरण्याचं एक टोक चांगल्या हाताने खांद्यावरून पाठीवर सोडायचं, दुसरं दुखऱ्या हाताने कमरेमागे धरायचं आणि वरचा हात हळू ओढायचा. ताण बसावा, कळ मारू नये. करून झाल्यावर थोड्या वेळात दुखणं मूळपदावर यावं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ. बंद करायचं नाही, कमी करायचं. यात न समजण्यासारखं काय आहे? औषधाच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचून फवारणीचं प्रमाण काढणाऱ्या माणसाला हे जमणार नाही, असं कुणाला वाटतं?

दोन ठिकाणी मात्र मी घरच्या व्यायामाची बाजू घेणार नाही. पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असेल, खांदा लाल, गरम, सुजलेला असून ताप असेल, हातात मुंग्या येऊन पकड सुटत असेल, तर आधी डॉक्टर. आणि डाव्या खांद्यातल्या दुखण्यासोबत छातीत दाब, घाम, धाप असेल तर तेल, शेक, व्यायाम काही नाही. मिळेल त्या गाडीने दवाखाना, कारण तो खांदा नसून हृदय असू शकतं. याशिवाय एक गोष्ट साखरेची. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना होणारं हे आखडणं मधुमेह असलेल्यांत कितीतरी पटींनी जास्त आढळतं. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीतून आला आहे, आणि "राबणाऱ्याला साखर होत नाही" ही दुसरी रीतही गावात आहेच. विनाकारण खांदा आखडला तर साखर तपासा. सुई घेणाऱ्याने तर आधी तपासावीच, कारण त्या सुईने काही दिवस साखर वाढते.

"वेळ कुठे आहे?" हा शेवटचा बचाव. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात रबरी पट्ट्याने रोज फक्त दोन मिनिटं व्यायाम केल्यावर दहा आठवड्यांत दुखणं कमी झालं. ते खुर्चीवाले होते, दुखणंही निराळं होतं. पण थोड्या मिनिटांना किंमत नसते, हा गैरसमज जायला हरकत नाही. वेचणीच्या दिवसांत पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला दहा मिनिटं सापडत नाहीत असं नाही, ती तिला दिली जात नाहीत. आखडलेला खांदा चाळिशी ते साठीत आणि बायकांत जास्त, म्हणजे घरातलं सगळ्यांत जास्त काम जिच्या अंगावर, तिलाच. ती भिंतीला हात लावून उभी राहिली तर घर हसतं, शेजारीण विचारते, भिंत पडतेय का म्हणून. आणि तोच घरधनी पारावर बसून सांगतो की आमच्या बायकांना व्यायामाची गरज पडत नाही, त्या राबतात. हे श्रमाचं कौतुक नाही. हा श्रमाच्या नावाखाली शोधलेला सोयीचा बहाणा आहे, कारण तिची दहा मिनिटं मोकळी करायची तर पाणी कुणी भरायचं, चहा कुणी टाकायचा आणि डबे कुणी बांधायचे, हा प्रश्न घरातल्या धडधाकट खांद्यांपुढे येतो. ज्यांना अजूनही तिचा व्यायाम पोरखेळ वाटतो त्यांनी उद्यापासून तेवढा वेळ हंडा उचलावा. कारण खांदा तिचा आखडला आहे, त्यांचा नाही.